खिडकीपाशी एक जागा

जगात कुठेही कुणी आपल्या पेपरात माझ्या पेपरचा संदर्भ दिला, की माझ्या लॅबमध्ये एक खुर्ची येते. पांढरी, प्लॅस्टिकची, लग्नाच्या हॉलमध्ये असते तसली. एकदा टेकली की हलत नाही. मी लाथा घालून पाहिल्या, माणसं लावून ओढवून पाहिली. छापून आलेलं परत घेता येत नाही, तसंच ते. बसायला मात्र कुणी येत नाही.

या सगळ्या खुर्च्या एकाच पेपरच्या. ओलं संयुग लवकर कोरडं करायची एक फुटकळ युक्ती, नोकरीला लागल्या लागल्या घाईत लिहिलेली. ती कुणी वाचत नाही. मागच्याने नाव टाकलं म्हणून पुढचा टाकतो. माझा खरा पेपर वेगळाच आहे. डिकेमालीच्या डिंकात एक पिवळं संयुग असतं, ते मी काचेच्या भांड्यात पायरी पायरीने बांधलं. त्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. त्याला आजवर एकही खुर्ची आली नाही. मला वाईट वाटतं. का नाही वाटणार?

म्हणून खिडकीपाशी एक जागा मी त्याच्यासाठी राखली. माणूस उभं असेल तिथे खुर्ची टेकत नाही, म्हणून मीच तिथे उभी राहते.

आमचे विभागप्रमुख बोरगावे सर दारातून डोकावले. भलतेच खूश होते.

"अभिनंदन, मॅडम! अख्ख्या विभागात एवढ्या खुर्च्या कुणाच्या नाहीत."

"मला हात हलवायला जागा नाही, सर."

"आणि त्या डिकेमालीसाठी कशाला जीव टाकताय? पुढच्या पेपरात आपणच आपला संदर्भ द्यायचा. सगळेच देतात."

सर देतात, हे मला माहीत होतं. पण स्वतः मागवलेल्या खुर्चीवर स्वतःलाच बसावं लागतं. सर सकाळपासून एका खुर्चीवरून उठून दुसरीवर बसत असतात, डबासुद्धा तसाच खातात. बोलता बोलता त्यांची वेळ झाली आणि ते पळाले.

"मी नाही देणार," मी त्यांच्या पाठीला ओरडून सांगितलं. "वाचणारं माणूस आल्याशिवाय मी इथून हलत नाही. बघतेच मी!"

त्याच आठवड्यात कोरडं करण्याच्या युक्त्यांवर कुठेतरी एक जाडजूड ग्रंथ निघाला असावा. खुर्च्या भराभर आल्या. त्यांनी बेसिन घेतलं, टेबल घेतलं, शेगडी घेतली. मी पिवळ्या द्रावणाचा फ्लास्क तेवढा वेळेवर उचलून छातीशी धरला. द्रावण गार झालं होतं, पण स्फटिक अडून बसले होते. अशा वेळी आम्ही लोक काचेच्या कांडीने फ्लास्कची आतली बाजू खरवडतो, कधी कधी तेवढ्याने ते पडायला लागतात. मी खरवडत राहिले. "पडा रे बाबांनो," म्हणत राहिले. आता लॅबमध्ये माझ्या दोन पावलांपुरतीच जमीन उरली होती.

तेव्हा घोट्याला काहीतरी लागलं. लाकडी स्टूल होतं. हे कोणत्या पेपरचं, ते मला लगेच कळलं, आणि मी रडलेच.

पण त्याला टेकायला दुसरी जागाच नव्हती. बसायचं तर मनातही आणायचं नव्हतं, बसले असते तर ते माझंच झालं असतं. मी फ्लास्क घट्ट धरला आणि दोन्ही पाय वर घेतले. स्टूल आत सरकलं, टेकलं. मी वरच राहिले, हवेत.

खुर्च्यांवरून पाय टाकत एक मुलगी आली.

"नाडगौडा मॅडम ना? मी हेमलता मडावी, गडचिरोलीहून आले. तुमच्या डिकेमालीच्या पेपरचा संदर्भ मी माझ्या पेपरात दिलाय, आता तो करून पाहतेय. पण सातव्या पायरीला माझं सगळं काळं पडतं."

"आच जास्त देतेस तू," मी म्हटलं. "बस आधी."

ती स्टुलावर बसली. कांडीच्या टोकाशी, काचेवर, एक पिवळा कण दिसला.

"धर, हे बघ!" मी वाकले.

तिने बसल्या जागेवरून हात वर केला. एव्हाना वर वर जात माझी पाठ छताला टेकली होती, आणि तिची बोटं फ्लास्कच्या बुडाला लागत होती.