मस्कतहून अडीच तास

दामूनं रात्री कायमचे डोळे मिटले आणि उजाडताच त्याच्या लेकीनं, सुरेखानं, फोनात मस्कत ते मुंबई अंतर शोधलं. पंधराशे सत्तर किलोमीटर, विमानाला अडीच तास. एवढ्या वेळात कर्जतची एसटी अलिबागलाही पोचत नाही! तिला जरा धीर आला. मस्कतच्या हॉटेलात कामाला असलेल्या धाकट्या भावानं, मनोजनं, तिकिटाचा फोटो पाठवला होता. विमान सव्वा वाजता उतरणार होतं.

"तीनला मनोज दारात," तिनं साऱ्या भावकीला सांगून टाकलं.

"चारपरेंत थांबू," चुलते सहदेवकाका म्हणाले. "मे महिना हाय, पोरी. बर्फ टिकत नाय."

आई पुतळाबाई दामूच्या उशाशी बसली होती. मनोजनं बापाचं तोंड बघावं, एवढंच तिचं मागणं होतं.

सुरेखानं चुलतभाऊ केतनला गाडी घेऊन विमानतळावर धाडलं. उलव्याचा नवा विमानतळ झाल्यापासून गावात विमानतळ म्हटलं की तोच. आपला, जवळचा, पनवेलच्या पलीकडचा. मुंबईत जुनाही एक अजून चालू आहे, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. हुशार सुरेखानं तिकिटावरची वेळ तेवढी पाहिली.

पावणेतीनला अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, केतन कुठंय? माझं शिम हितं चालत नाय. दुसऱ्याचा फोन मागून बोलतोय."

"तू कुठं उभा हाईस?"

"अंधेरीच्या बाजूला, जुन्या विमानतळावर."

केतन तर उलव्याला उभा होता. टॅक्सी कर आणि निघ, असं सुरेखानं त्याला सांगितलं. मग ती अंगणात आली आणि चक्क खोटं बोलली, "पनवेल सोडलं त्यानं."

चार वाजले. "चौक गावात आला," ती म्हणाली. साडेचार वाजले. "फाटकावर अडकलाय." मनोज तेव्हा वाशीच्या पुलावर गाड्यांच्या रांगेत होता. टॅक्सीवाल्याचा फोन घेऊन तो दर दहा मिनिटांनी तिलाच विचारत होता, "ताई, आजून किती लांब?"

पाच वाजता बर्फाचं पाणी ओटीवरून खाली गळायला लागलं. बायकांनी पदर नाकाला लावले, आणि ते पाहून सुरेखाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाची ही दशा तिच्यामुळं झाली होती. ती आईसमोर बसली.

"आये, मी खोटं बोलले. त्यो लय लांब हाय. केतनला मीच चुकीच्या जागी धाडला."

पुतळाबाईनं नवऱ्याच्या कपाळावरचं पाणी पदरानं टिपलं. बराच वेळ ती टिपतच राहिली.

"उचला," ती म्हणाली. "त्येंचे हाल नका करू."

स्मशानात त्रिसरण झालं, पंचशील झालं. अग्नी कुणी द्यायचा, असं सहदेवकाकांनी विचारलं तेव्हा पुतळाबाईनं सुरेखाचा हात धरून पुढं केला. सुरेखानं सरणाला अग्नी दिला.

सरण चांगलं पेटलं होतं तेव्हा फोन वाजला.

"ताई, चौक आलं!" मनोज धापा टाकत होता, जणू गाडी तोच ओढत होता. "धा मिन्टं थांबव त्यास्नी. पाया पडतो तुझ्या, ताई. धाच मिन्टं!"

धूर तिच्या डोळ्यांत गेला. काका बघत होते, आई बघत होती.

"सावकाश ये रं, बाळा," सुरेखा म्हणाली. "आता घाई नको करूस."