एकाच मापाचे तीन शर्ट

"ताई, डॉक्टरचा फिकट निळा शर्ट. तीन नग. माप तेच," मालिकेचा ड्रेसवाला पायरीवरूनच म्हणाला, आणि ताईंच्या हातातली सुई अर्ध्या टाक्यात थबकली.

दुपारच्या मालिकेतल्या निम्म्या माणसांचे कपडे ताईंच्या दुकानात शिवले जात. त्यामुळे मालिकेत काय शिजतंय, याचा वास त्यांना कापडावरूनच यायचा. मागे मालिकेतल्या थोरल्या जावयाचे असेच एकसारखे कोट शिवून गेले आणि महिना सरायच्या आत बिचारा जिन्यावरून गडगडला. एक कोट पडण्याआधीचा, एक रक्ताने माखायचा आणि एक, पडणं नीट वठलं नाही तर पुन्हा पडायला. सुखानं जगणाऱ्या माणसाला एक शर्ट पुरतो.

"तीन कशाला?" ताईंनी विचारलं.

"वरून सांगितलंय."

"मारताय ना त्याला?"

"अहो ताई, मी कपडे नेतो-आणतो. जीव नेणारं खातं वेगळं!" तो हसला आणि कापडाचा गठ्ठा टाकून सटकला. तो हसला तेही ताईंना बरं वाटलं नाही. एरवी चहा घेतल्याशिवाय न हलणारा माणूस आज उभ्या उभ्या गेला, ते काय उगीच?

डॉक्टर म्हणजे मालिकेतला डॉक्टर. त्याचा जीव मालिकेतल्याच वकिलावर जडलेला. दोन पुरुष, दोघेही देखणे, आणि दुपारच्या वेळी घराघरात त्यांची प्रीत चाललेली. ताईंनी ती पहिल्या नजरेपासून जपली होती, अंगणातलं रोप गुरांपासून जपावं तशी. म्हणूनच त्यांचा मालिकावाल्यांवर काडीचा विश्वास नव्हता. इतर जोडपी भांडतात, रुसतात, एका उशीवर डोकं टेकून झोपतात. हे दोघे जरा जवळ आले की कॅमेरा वळलाच खिडकीच्या पडद्याकडे! तो पडदा ताईंना आता पाठ झाला होता. त्याची दुमड कुठे चुकली आहे तेही. आणि गेल्या आठवड्यात तर वकिलाच्या आईनं दोघांना पोटाशी धरलं होतं. मालिकेत एवढं सुख कुणी फुकट देत नाही.

पण ताईंना घोर नुसता डॉक्टरचा नव्हता.

त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याच दुकानात कापड कापायचा. महिन्यापूर्वी मान वर न करता, खडूनं बाहीची रेघ ओढता ओढता तो म्हणाला होता, "ताई, ह्या दोघांचं लग्न लागलं ना मालिकेत, की मीही एकाला घरी जेवायला आणीन म्हणतो."

'एकाला' हा शब्द ताईंनी नीट ऐकला होता. "आण की," एवढंच म्हणून त्यांनी मशीन सुरू केलं होतं. तेव्हापासून त्या त्या लग्नाकडे डोळे लावून बसल्या होत्या, आणि आता हे तीन शर्ट.

धाकटा बटणं आणायला बाजारात गेला होता. ताईंनी घाईघाईनं निळं कापड स्वतःच कापलं आणि तुकडे उशीच्या अभ्र्यात कोंबले. पण दुसऱ्या हातानं चालवलेली कात्री लपत नाही. खाली पडलेली निळी कात्रणं बघून त्यानं आल्या आल्या अभ्रा ओढला.

"हे तू कापलंस? खांदा बघ, कसा तिरका गेलाय." मग त्यानं कॉलरी मोजल्या. तोही शिंप्याच्याच पोटचा. "म्हणजे मारतायत."

"कोण म्हणतं? पावसात भिजायचं असेल. वाहून जाणाऱ्या कुणाला वाचवायचं असेल."

"ताई."

"मी त्या ड्रेसवाल्याला खोदून खोदून विचारते, बघ तू. आणि लग्न तर होणारच, तारीख काढलीये त्यांनी."

धाकट्यानं कात्री खाली ठेवली. "तो मेला तर मेला. त्याचं मला काही नाही. मला धास्ती तुझी आहे."

"माझी?"

"तो मेला की म्हणशील, बघ रे, असल्यांचं असंच होतं, तू नको त्या वाटेला जाऊस. नाही मेला तर टाळ्या वाजवशील. पडद्यावरच्यांसाठी."

"माझ्यावर संशय घेतोस? तुला कडेवर घेऊन वाढवलं मी!"

"तू नाही घेत त्या लेखकांवर? ते ऐन वेळी पडदा दाखवतात. माझा फोन वाजला की तू मशीन एवढं जोरात का हाणतेस?"

"तुला मोकळेपणी बोलता यावं म्हणून!" ताई फाडकन बोलल्या. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांवर संशय घेतला: दूधवाल्यावर, भाडेकरूवर, मालिकावाल्यांवर. आज पहिल्यांदाच तो त्यांच्याच उंबऱ्यात येऊन उभा राहिला. खरंच मोकळं बोलता यावं म्हणून, की आपल्या कानावर पडू नये म्हणून?

भिंतीवरच्या टीव्हीत मालिका लागली होती. डॉक्टर वकिलाला अंगठी दाखवत होता. संगीत नको इतकं गोड. त्यांनी टीव्ही बंद केला. धाकटा बघतच राहिला. ऐन मालिकेत टीव्ही बंद झालेला त्यानं ह्या दुकानात कधी पाहिला नव्हता.

"काय करतो तो?" ताईंनी विचारलं.

"चष्म्याच्या दुकानात आहे."

"तिखट खातो?"

"बेताचं."

"उद्या आण जेवायला. त्यांचं लग्न होवो नाहीतर न होवो. त्यांच्या भरवशावर माझ्या घरचं ताट कशाला अडकवून ठेवू?"

धाकट्यानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं, धुतल्यावर आटेल की काय असं कापडाकडे पाहावं तसं. मग त्यांच्यासमोरच फोन लावला. "ताईनं बोलावलंय... हो, तिनंच... नाही रे, मी नाही सांगितलं म्हणायला... अरे, खरंच!" फोनवर हात ठेवून तो ओशाळून म्हणाला, "त्याचा विश्वास बसत नाहीये."

"दे इकडे." ताईंनी फोन घेतला. परक्या माणसाशी काय बोलायचं? "मी ह्याची ताई. उद्या दुपारी या. पण दोनच्या आत या हं, दोनला मालिका असते."

पलीकडून एक बिचकलेला स्वर म्हणाला, "माहितीये. मीही बघतो, दुकानात आवाज बारीक करून. ताई, मला ना त्या वकिलाच्या आईची लक्षणं ठीक वाटत नाहीत. एकाएकी इतकी गोड कशी झाली?"

"तेच म्हणते मी!" ताईंनी स्टूल ओढलं आणि बैठक मारली. "आणि तुम्हाला अजून एक माहीत नाहीये. सांगते, पण कुणाजवळ बोलू नका..."

"ताई, माझा फोन," धाकटा हात पुढे करून म्हणाला.

"थांब रे जरा, बोलतोय ना आम्ही."