ए खांब कुणीकडून

कॉम्प्युटर चुकला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. दुर्गच्या कोर्टात वकिलांपासून चहावाल्यापर्यंत सगळे तेच बोलत होते, की मशीनच्या भरवशावर राहिले म्हणून टाकी पडली. ऐकून माझं डोकं फिरायचं. मशीनला जे सांगितलं ते त्यानं बिनचूक केलं. चुकलो आम्ही, आणि त्यात मी जरा जास्तच.

नरहरीकाका भिलाईच्या कारखान्यातून, डिझाइनच्या कामावरून, निवृत्त झाले आणि एक्क्याण्णव साली त्यांनी स्वतःचं ऑफिस काढलं. माझे वडील त्यांच्या हाताखाली क्लार्क होते. वडील गेले तेव्हा काकांनीच मला नागपूरला कॉम्प्युटर शिकायला पाठवलं आणि परत आल्यावर कामावर घेतलं. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. पण कुणी साधी शंका काढली तरी या माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

काम होतं एका दोन मजली लॉजचं, दुर्गच्या वाटेवर, रेल्वेलाइनला लागून. रस्त्यापासून रुळांपर्यंत प्लॉट अरुंद. रस्त्याकडे खांबांची एक रांग आणि मागे रुळांकडे दुसरी. मागचा एक खांब अगदी हद्दीवर येत होता आणि नेमका त्याच्याच डोक्यावर जिना आणि पाण्याची टाकी. रेल्वेच्या जमिनीत पाया बोटभरही सरकवता येत नव्हता. अशा वेळी पुढचा आणि मागचा, दोन्ही खांबांना मिळून एकच पाया देतात, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता. रुंद टोक जड खांबाखाली. उलटं पडलं तर पाया कलतो. शास्त्र एवढंच.

मी मॉडेल बसवलं. दोन खांब, त्यांच्यावरचे भार, पायाचे लहान लहान चौकोन आणि खाली मातीच्या जागी स्प्रिंगा. तो हिरव्या अक्षरांचा पडदा अर्धा अर्धा तास विचार करत बसायचा. पहिल्यांदा मातीवरचा दाब एकाच टोकाला फार आला. काकांनी रुंदी वाढवली. तिसऱ्या खेपेला दाब सगळीकडे सारखा झाला, तेव्हा काकांनी खुशीत समोसे मागवले.

त्यांच्या कच्च्या कागदावर जड खांब होता ए, हलका बी. आर्किटेक्टच्या नकाशात मात्र रस्त्याकडचा, म्हणजे हलका खांब ए होता. मी विचारलं, "काका, हा ए कुणीकडून?"

"पटरीकडून. कारखान्यात आमी तीस वर्षं पटरीकडूनच मोजत आलो. आता तू मले शिकवून राहिली काय?"

साइटवर जाणारी प्रिंट ज्या मूळ कागदावरून, ट्रेसिंगवरून निघायची, त्यावर अक्षरं मीच काढायची. 'ए खांब रेल्वेकडून मोजावा' एवढी ओळ टाकायला मिनिट लागलं नसतं. टाकली नाही. काकांचा पारा चढू नये म्हणून टाकली नाही, दुसरं काही कारण नव्हतं.

आठवड्यानं साइटचा मिस्त्री कवडू त्याच्या गावाहून, कुरुदहून सायकल हाणत आला. हातात दोन्ही कागद होते, आर्किटेक्टचा नकाशा आणि आमची प्रिंट. म्हणाला, "साहेब, रुंद बाजू एच्या खाली ठेवू ना? मले जरा उलटं वाटून राहिलं."

"कागदावर लिवून आहे ना? मंग तसंच कर बापा." काकांनी मान वर केली नाही.

कवडूनं माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं त्याचा ए कोणता आहे. मी कीबोर्डकडे पाहिलं. तो गेला आणि त्यानं कागदावर होतं तसंच केलं.

टाकी पहिल्यांदा काठोकाठ भरली त्या दुपारी पाया मागे कलला आणि टाकी जिन्यासकट खाली आली. कवडू आणि त्याचा मेहुणा फकिरा जिन्याखाली डबा खात होते. दोघंही गेले.

चौकशी लागली. काकांनी मला खोलीत बोलावलं आणि टेबलावर मूळ ट्रेसिंग पसरलं. "तारा, ए पटरीकडून मोजा, एवढी ओळ टाक. तुझंच अक्षर आहे. या वयात मले जेलात पाठवशील काय? साइटची कॉपी तर ढिगाऱ्यातच गेली."

मी ओळ टाकली. त्याच पेननं, त्याच शाईनं, सुरेख. मला स्वतःची किळस येते ती त्या सुरेखपणाची. अहवालात आलं, की सूचना स्पष्ट असून मिस्त्रीनं पाया उलटा घातला. कुरुदमध्ये लोक कवडूच्या बायकोला, पंचफुलाला, तोंडावर म्हणू लागले की तुझ्या नवऱ्यानं तुझ्या भावाला मारलं. तिच्या आईनं तिला दारात उभं करणं बंद केलं.

केस कोर्टात लागली. तारखेच्या दिवशी पंचफुला कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी येऊन बसली. पदराखालून तिनं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. आमची प्रिंट, सिमेंटनं माखलेली.

"सायकलच्या थैलीत होता. ताई, मले वाचता नाही येत. साहेब म्हणते का पटरीकडून मोजा म्हणून लिवून होतं, अन् यानं पाहिलं नाही. आहे काय लिवून?"

आहे म्हटलं असतं तर ती उठून गेली असती. समोर खांबाला टेकून काका उभे होते, माझ्याकडेच पाहत. त्या क्षणी ते मला फार म्हातारे दिसले, आणि खरं सांगते, त्यांची दया आली.

"नाही," मी म्हणाले. "काहीच लिहिलेलं नाही."

"मंग साहेबाच्या कागदावर?"

"तिथं आहे. मी लिहिलं. तुझा नवरा गेल्यावर."

तिनं हळूच विचारलं, "तो इचारायले आला होता, तवा तुमाले माहीत होतं?"

"हो."

पंचफुला रडली नाही. तिनं कागद पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळला, पदराखाली ठेवला आणि माझं उजवं मनगट धरलं. आतून आमच्या केसचा पुकारा झाला, आम्ही उठलो, काकांच्या समोरून गेलो, तरी तिनं ते सोडलं नाही.