आठ पॉइंट दोन, आणि मी एकटा

मी जोकर मासा बोलतोय. केशरी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे. नावावर जाऊ नका, मला विनोद कळत नाही.

समुद्र मी कधी पाहिला नाही. मुंबईत प्लास्टिकच्या टबात जन्मलो आणि पिशवीत बसून रेल्वेने दोंडाईच्याला आलो. हितेंद्रचं इथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, पण त्याला घरात समुद्र हवा होता. पाकिटातलं मीठ कालवून त्याने तो केला आणि तीन फुटी काचेच्या टाकीत भरला. आत जांभळी पोवळी लावली. ती जिवंत असतात बरं, दगड नव्हेत. या काचेपासून त्या काचेपर्यंत जायला मला चार सेकंद लागतात. दोन वर्षं मी जातोय आणि येतोय.

टाकीला एक मीटर आहे. पाणी आंबटाकडे झुकलं की त्यावरचा पीएचचा आकडा उतरतो. ८.२ असला की पोवळी फुलतात, मीही बरा असतो.

यंदा उन्हाने माझा समुद्र तापला, म्हणून हितेंद्रने या खोलीत एसी बसवला. घरातला पहिला एसी, तोही माझ्यासाठी. पण ही बातमी पिंपळनेरपर्यंत गेली. तिथून भटूमामा, मामी आणि तीन पोरं सुट्टीला आली.

हितेंद्रचे वडील तोताराम नाना निवृत्त मास्तर. गारवा वाया जाऊ नये म्हणून त्यांनी खिडकीच्या फटींना कागद चिकटवले. आई बेबाबाईंनी दाराखाली गोधडी कोंबली. मग रोज दुपारी नऊ माणसं जेवून आत येत, दार लावून घेत आणि पाच वाजेपर्यंत श्वास सोडत.

तो सगळा माझ्या पाण्यात उतरून ते आंबट करत होता. आकडा ७.७ वर आला. पोवळी मिटली. मी वर तोंड काढून धापा टाकू लागलो. हितेंद्रने पावडर टाकली की आकडा तासभर चढे आणि पुन्हा खाली येई.

त्याने मुंबईच्या दुकानदाराला फोन लावला.

"खोलीत माणसं किती?"

"चारेक," मामांकडे बघत हितेंद्र म्हणाला.

"कमी करा. नाहीतर आठवड्यात पोवळी जातील, मागोमाग मासा."

आता आईच्या भावाला 'श्वास कमी घ्या' असं कोण सांगणार? हितेंद्र तीन दिवस नुसती पावडर टाकत राहिला. चौथ्या दिवशी मामांना ताक देताना त्याची बायको रूपाली म्हणाली, "मामा, तुम्ही झोपलात की मासा मरतो."

मामांनी पेला खाली आपटला. "मन्हा श्वासमुळे मासा मरस? मी काय साप शे का?"

"मन्हा भाऊले भाहेर काढतस व्हय तुम्ही?" बेबाबाई नानांवर कडाडल्या. नाना तर काही बोललेही नव्हते.

"थांबा," नाना म्हणाले. "उगाच आरोप नको. प्रयोग करू."

मामा बाहेर निघाले. त्यांची खाट आडवी, उभी, तिरकी करून काढावी लागली. तेवढा वेळ दार सताड उघडं राहिलं. पाऊण तासाने आकडा ७.८ झाला.

"बघा!" रूपाली म्हणाली.

"माले एकलालेच का?" मामा बाहेरून ओरडले. "तुन्ही सासूले काढी पाहाय!"

बेबाबाई निघाल्या. त्यांची गादी, उशी, पंखा, पानाचा डबा, सगळं निघालं. पुन्हा दार उघडं. ७.९.

"आई पण?" हितेंद्रने मान खाली घातली. मामा अंगणात टाळ्या वाजवत होते.

मग मामी गेली, पोरं गेली, रूपाली गेली. जो बाहेर जाई तो दोषी ठरे. नाना कॅलेंडरच्या पाठीवर आकडे लिहीत होते. शेवटी ते स्वतःच गुन्हेगार निघाले आणि खुर्ची उचलून चालते झाले. मी काचेला तोंड लावून सांगत होतो, 'अहो, माणसं नाही, दार! दार उघडतंय म्हणून!' पण माझा आवाज काचेबाहेर जात नाही.

हितेंद्र सर्वात शेवटी निघाला. जाताना त्याने दार ओढून घेतलं आणि बाहेरून गोधडी कोंबली. गारवा वाया जाऊ नये म्हणून.

आता आकडा ८.२ आहे. पोवळी फुलली आहेत. एसी माझ्या एकट्यासाठी चालतो. पंचेचाळीस डिग्रीत नऊ जण अंगणातल्या कडुलिंबाखाली बसलेत. मामा म्हणतात, मुक्या जिवासाठी एवढं करायलाच पाहिजे. मामी त्यांना ओल्या टॉवेलने वारा घालते. दिवसातून दोनदा हितेंद्र नाक धरून आत येतो, चिमूटभर खाणं टाकतो आणि पळतो.

कुणीतरी पत्ते पिसतं, कुणीतरी हसतं. मला ते भिंतीतून बारीक ऐकू येतं.

वाचणाऱ्या माणसा, कधी दोंडाईच्याला गेलास तर यांना एवढं सांग: दार चार बोटं उघडं ठेवा आणि सगळे आत या. घोरा, भांडा, काहीही करा.

मी खिडकीकडे तोंड करून रोज हेच म्हणतो. तोंड उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. नानांच्या कागदाचा एक कोपरा सुटलाय, तिथून रूपाली बघते आणि मागे वळून सगळ्यांना सांगते, "बघा ना, किती खूश आहे!"