मी दाखवलेला खोटा हिरवा

मित्रांनो, मी संगणकाचा एक जुना पडदा आहे. आता अडगळीत पडलो आहे, पण स्वस्थ पडणं माझ्या स्वभावातच नाही. पोटात एक गोष्ट सलते आहे. ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यातला. १९९८ साली खोक्यात बसून मी सांगलीला, सुमंतच्या सायबर कॅफेत आलो. सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. सुमंत रोज मऊ फडक्याने माझी काच पुसायचा आणि सकाळी उदबत्तीही ओवाळायचा. वर्ष उलटलं आणि माझ्यातला लाल रंग गेला. पांढरं निळसर दिसू लागलं, पिवळं हिरवं दिसू लागलं. सुमंतने मला कोपऱ्यातल्या प्लायवूडच्या खणात सरकवलं. "टायपिंगपुरता चालेल," म्हणाला. मग फडकंही बंद झालं.

त्याच खणात राजनंदिनी येऊन बसली. आष्ट्याच्या निवृत्त सुभेदार नाथाजींची ही मुलगी. शिवणकाम शिकलेली, पण चारचौघांत तोंड उघडायची भीती. पाचगणीच्या एका निवासी शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाईंची जागा निघाली होती. घरात ठरलं होतं, नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर आल्या स्थळाला होकार द्यायचा. तिला इतक्यात लग्न नको होतं. कोपरा तिला आवडला, कारण तिथे मागून कोणी डोकावत नसे.

तिला इंटरनेटवर एका परदेशी शिंपीणबाईंचं पान सापडलं आणि ती रोज तेच उघडू लागली. चित्रं उतरायला फार वेळ लावत. आधी केस, मग कपाळ, मग नाक. तेवढ्यात सुमंतच्या आईने, विनोदिनीकाकूंनी, वरच्या मजल्यावर त्याच लाइनचा फोन उचलला की इंटरनेट तुटायचं आणि बाई गळ्यापर्यंत येऊन थांबायच्या. राजनंदिनी नखं कुरतडायची. माझीही तगमग व्हायची. मजकूर मात्र लवकर उतरायचा. म्हणून चित्राची वाट बघता बघता ती शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला लागली. कपडा निवडताना आपल्याला तो आवडतो का, एवढंच विचारा, असं बाईंनी लिहिलं होतं. ताठ उभं राहा, आणि चुकलात तर सांगून टाका, असंही होतं. पहिल्या दिवशी खांदे पाडून आलेली ही मुलगी आठवड्याभरात सुमंतला म्हणाली, "आवं दादा, काकूंना सांगा की, घटकाभर फोन ठेवा म्हनावं. मी बी आष्ट्याहनं यस्टीनं येतीया."

अखेर एकदाचं एक चित्र पुरतं उतरलं. उभ्या कॉलरचा, मोठ्या खिशांचा लांब कुडता. त्याचा रंग झेंडूसारखा पिवळा होता आणि मी तो दाखवला हिरवा. बाईंचा चेहराही हिरवट दिसत होता. राजनंदिनी स्वतःशीच म्हणाली, "तिकडच्या थंडीनं असंल." मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं. पण पडद्याला तोंड कुठे असतं! तिने माधवनगरहून हिरवं कापड आणलं आणि तसाच कुडता शिवला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी तोच घालून ती नाथाजींबरोबर आली. पान शेवटचं वाचून जायचं होतं. त्याच सकाळी सुमंतने मला उचलून फळीवर ठेवलं होतं आणि माझ्या जागी नवा पडदा बसवला होता. चित्र उतरलं, पिवळंधमक. ती चित्राकडे बघे, मग आपल्या बाहीकडे.

"दादा, ह्यो रंग कवा बदलला?"

"बदलला नाही हो. जुन्या पडद्याचा लाल गेला होता," सुमंत ओशाळून म्हणाला. "मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

नाथाजी मिशीतल्या मिशीत हसले. "तुजी आई सकाळीच म्हनली, पोरीच्या अंगावर हिरवं आलं, आता चुडा तेवढा ऱ्हायला. देवाच्याच मनात दिसतंय. ऱ्हाऊ दे ती पाचगणी."

तिचा चेहरा उतरला. ती उठली, बसली, पुन्हा उठली. मला वाटलं, संपलं सगळं, आणि तेही माझ्यामुळे. मी शरमेने मेलो.

मग ती म्हणाली, "आबा, चूक पडद्याची हाय. पर कापड म्या निवडलं, शिवलं बी म्याच. मला ह्यो रंग आवडतोय. उद्या ह्योच घालून जानार."

चार दिवसांनी नाथाजी एकटेच पेढे घेऊन आले. कुडता कसा सुचला, असं शाळेच्या बाईंनी विचारलं होतं आणि पोरीने सगळं सांगून टाकलं होतं, अगदी थंडीसकट.

"दाराबाहीर मला समद्यांचं हसनं ऐकू आलं गड्या," ते सुमंतला म्हणाले. "वाटलं, घालवली नोकरी. तर पोरगी बी हसतच भाईर आली. बाई तिला म्हनल्या, चूक अशी सांगनारी शिक्षिका आमाला पायजेच. त्या स्थळाला म्या सोता जाऊन न्हाई म्हनून आलो."

मित्रांनो, याचं श्रेय मला देऊ नका. मी तिला खोटंच दाखवलं, ती खंबीर निघाली. सगळेच तसे निघतील असं नाही. म्हणून हात नसूनही हात जोडून सांगतो, पडदा बिघडला तर त्याला गुपचूप कोपऱ्यात सरकवू नका. दुरुस्त करा, ते जमलं नाही तर समोर बसणाऱ्याला निदान सांगा तरी. त्या कोपऱ्यात कोणीतरी आपलं आयुष्य पणाला लावून बसलेलं असतं.