दुसरी खुर्ची

खुब्याचं ऑपरेशन झालं आणि व्हर्लिनचं चर्चला जाणं थांबलं. उपदेश करता करता पाळकबाबा बोलणं सोडून गायला लागत, त्या घडीसाठी ती आठवडाभर जगायची. आता ते फोनवर ऐकायचं, म्हणजे पंगतीचा वास खिडकीतून घ्यायचा.

घरी अडकलेल्यांकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे प्रार्थनेतली भाकरी आणि द्राक्षरस, घेऊन कुणीतरी जाई. चर्चच्या मंडळीतल्या सिस्टर अर्डेलाचा फोन आला, "या रविवारी तुझ्याकडे येते. निवांत बसू, गाऊ."

बसू. अकरा वर्षांत या घरात बाहेरचं कुणी बसलं नव्हतं. स्वयंपाकघराचं काम निघालंय, असं व्हर्लिन चर्चमध्ये सांगत आली होती. काम कसलं, काचकारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तिच्या नवऱ्याने, ल्युशसने, घर भरत आणलं होतं. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, मुके रेडिओ, झाकणांविना बरण्या, बरण्यांविना झाकणं. दारापासून तिच्या खुर्चीपर्यंत एक चिंचोळी वाट तेवढी उरली होती.

"ल्युशस, एक खुर्ची मोकळी करून दे. एकच."

"तुला आहे की."

"माणसं आली की बसतात. तशी रीत आहे जगात."

"ती आल्या आल्या म्हणेल, हे फेक, ते फेक."

"प्रार्थनेला येतेय ती. तुझ्या रेडिओंची विचारपूस करायला नाही."

शनिवारभर तो खपला. एकेक रेडिओ पुसायचा, हातात धरून उभा राहायचा, मग जागा शोधायचा. संध्याकाळी खिडकीजवळची खुर्ची मोकळी झाली. ती हिरवी होती, हे व्हर्लिन विसरूनच गेली होती. तिचे डोळे भरून आले.

रविवारी सिस्टर अर्डेला आली आणि दोन पावलांत अडकली. खुर्चीवरचं सगळं ल्युशसने वाटेच्या कडेला रचलं होतं.

"बाई गं, देवाने मला जरा सढळ हाताने घडवलंय. इथून पुढे नाही जमायचं."

ढिगांवरून व्हर्लिनला तिची पांढरी हॅट तेवढी दिसत होती. हॅट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळली.

"स्वयंपाकघराचं काम बरंच लांबलं म्हणायचं," सिस्टर अर्डेला म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

मग भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा इवलासा कप ल्युशसच्या हातात आला. आडवा होत, थेंबही न सांडता, त्याने दोन्ही व्हर्लिनपर्यंत आणलं. दारातून सिस्टर अर्डेलाने गाण्याची ओळ सांगितली. चर्चमध्ये अशी ओळ दोनशे गळे उचलतात. इथे उचलायला व्हर्लिन एकटी होती. ल्युशस दोघींच्या मध्ये गप्प उभा होता.

"थंडी सरली की बाहेर व्हरांड्यात बसू हं," जाताना सिस्टर अर्डेला म्हणाली. दार लागलं.

ल्युशसने मागे राहिलेला कप धुतला. "कामाला येईल." जागा शोधत तो फिरला आणि शेवटी त्याने तो हिरव्या खुर्चीवर, बरोब्बर मधोमध ठेवला.

व्हर्लिनने मघाची ओळ पुन्हा धरली आणि तो उचलतो का, म्हणून थांबली.

ल्युशस खाली वाकून त्या कपाला बसेल असं झाकण शोधत होता.