घरी भाजलं

आमच्याकडे ‘घर’ म्हणजे खालचा मजला. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे आणि सलूनचे टॉवेल जिथे मळके येतात आणि कडक होऊन जातात, ते घर. आम्ही जिथे जेवतो, झोपतो आणि भांडतो, ते ‘वरती’. पाटीवर ठळक अक्षरांत ‘धुलाईघर’ लिहिलंय, पण आईने त्यातली धुलाई पहिल्या दिवशीच पिळून काढली. “कारखाना म्हणेल तिने दुसरा कारखाना बघावा. हे घर आहे आणि आपण सगळ्या घरच्या,” हा तिचा कायदा. त्यामुळे खालच्या बायका ‘घरी आले’ म्हणतात तेव्हा त्या कामावर आलेल्या असतात, आणि काम संपलं की ‘खोलीवर’ जातात. माझा मामा तर फोनवर सरळ सांगतो, “मी घरी आहे, वरती नाहीये.” पलीकडचा माणूस बिचारा ‘म्हणजे नक्की कुठे?’ विचारत बसतो.

घरच्या असण्याचे फायदे आहेत, खोटं कशाला बोलू? चहा हवा तेव्हा मिळतो. पोराला ताप असेल तर त्याला घेऊन या, कपड्यांच्या गाठोड्यावर झोपवा, आई स्वतः त्याच्या कपाळाला हात लावून बघते. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, अशा बायकांना तिने काम दिलं. पण घरच्यांना रजा कोण देतं? घरच्यांनी घड्याळाकडे बघायचं असतं का? आई एका हाताने कुरवाळते आणि दुसऱ्या हाताने कान पिळते. दोन्ही हात तिचेच, त्यामुळे तक्रार नेमकी कुठल्या हाताविरुद्ध करायची ते कुणालाच कळत नाही. मला मात्र हल्ली कळायला लागलं होतं. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मला बरंच काही कळायला लागलं होतं, आणि जे कळेल ते मोठ्याने सांगायची सवयही लागली होती.

भांडण झालं ते वाफकाकूवरून. वाफकाकू म्हणजे रोलरवरची काकू. रोलर म्हणजे आडवा, गरम, गुळगुळीत लोखंडी राक्षस. ओली चादर पुढून भरवायची, तो ती आत ओढून घेतो आणि मागून वाळलेली, इस्त्री झालेली बाहेर काढतो. त्याच्या तोंडापाशी एक पट्टी असायची. तिला बोटं टेकली की रोलर जागच्या जागी थांबायचा. आम्ही तिला अडसर म्हणायचो. पण जाड चादरीची घडी टेकली तरी तो थांबायचा, आणि तो थांबला की आईचं डोकं सुरू व्हायचं. शेवटी तिने मामाला अडसर काढून ठेवायला सांगितलं. मामाने काढला. आईने सांगितलं तर मामा छप्परही काढून ठेवेल.

आणि मग एका चादरीबरोबर वाफकाकूचा उजवा हात ओढला गेला. तिने तो हिसका देऊन सोडवला, पण तळवा आणि बोटं भाजायची ती भाजलीच.

आई तिला गाडीत घालून डॉक्टरांकडे घेऊन गेली, औषधं आणली, रात्री तिच्या खोलीवर डबा पाठवला. हेही सांगायला हवं. पण चार दिवसांनी उद्योजक मंडळाचे लोक बघायला येणार होते. ‘माणुसकीचा उद्योग’ असा त्यांचा पुरस्कार, आणि तो मिळाला की आपल्याकडे नव्या मोठ्या दवाखान्याचे सगळे कपडे येणार, असं आईला पक्कं कळलं होतं. हाताला पांढरंशुभ्र बँडेज बांधलेली बाई त्या चित्रात बसत नव्हती.

“पाहुणे येतील तेव्हा तू असायला हवंस, सगळे घरचे असतात,” आई तिला म्हणाली. “हाताचं कुणी विचारलं तर सांग, घरी भाजलं. चादरीला इस्त्री करताना. बस्स, पुढे बोलायचं नाही. आणि ते गेले की खोलीवर जाऊन आराम कर.”

वाफकाकूने मान हलवली. तिचं तोंड मात्र उतरलं. आमच्या घरातून आरामाला गेलेली बाई अजून एकही परत आलेली नाही.

मी आईला वरती गाठलं.

“आराम झाल्यावर घेशील ना तिला परत?”

“तेव्हाचं तेव्हा.”

“आणि अडसर?”

“अडसर लावला की रोलर थांबतो. रोलर थांबला की माल थांबतो. माल थांबला की तुझी शाळेची बस थांबते. अजून काय काय थांबवायचंय तुला?”

“काकूचा हात वाचला असता.”

“लक्ष देऊन काम केलं की काही होत नाही!” आईने दोन्ही हात माझ्या नाकासमोर नाचवले. “मी वर्षानुवर्षं उभी राहिलेय त्याच रोलरवर. हे बघ हात. आहे एक तरी डाग?”

“तेव्हा अडसर होता.”

आईने हात खाली घेतले आणि म्हणाली, “जिभेला हाड नाही तुझ्या. एक कप काय मिळाला, घरात वकील जन्माला आला! ती वाचा पाहुण्यांसमोर वापर. स्वागताचं भाषण तू करायचंस.”

भाषण तिनेच लिहिलं होतं. ‘माया आणि नफा या सख्ख्या बहिणी आहेत’ असं सुरू व्हायचं. मी म्हटलं, सख्ख्या बहिणींचं कधी पटतं का? आईने उशी फेकून मारली. आणि मी ती चुकवली तर तिला त्याचाही राग आला.

मंडळाकडून एक बाई आल्या, आणि त्यांच्याबरोबर फोटो काढणारा. बाईंचे बूट चालताना चुईचुई वाजायचे. सगळं घर चकचकीत होतं, बायका एका रंगाच्या अॅप्रनमध्ये ओळीने उभ्या होत्या, रोलर बंद होता आणि त्यावर चक्क फुलदाणी ठेवली होती. मी भाषण केलं. चांगलंच केलं, आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचवला. टाळ्या पडल्या तेव्हा माझाच मला राग आला, कारण मला आवडल्या.

मग बाई ओळीतून चालत आल्या आणि वाफकाकूसमोर थांबल्या.

“अरे, हाताला काय झालं?”

“घरी भाजलं.” काकूने पाठ केलेलं म्हटलं.

“अरेरे. काय करताना?”

“चादरीला इस्त्री करताना.”

“इस्त्रीने एवढं भाजतं? केवढी मोठी इस्त्री आहे हो तुमच्याकडे?”

“मोठीच आहे की,” वाफकाकू म्हणाली आणि बँडेजच्या हातानेच फुलदाणीकडे बोट दाखवलं. “ती काय, समोर.”

मला आधी कळलंच नाही. आईला माझ्याआधी कळलं, कारण तिचा चेहरा धुतलेल्या चादरीसारखा पांढराफटक पडला. बाई एकदा रोलरकडे आणि एकदा काकूकडे बघत होत्या.

“तुम्ही तर म्हणालात, घरी.”

“घरीच ना,” काकू गोंधळली. “हे घर. ताई यालाच घर म्हणतात. माझी ती खोली. खोलीवर कुठून आली इस्त्री? मी तर कपडे उशीखाली घालते.”

फोटोवाला खुदकन हसला. बाई हसल्या नाहीत. त्या रोलरपाशी गेल्या, वाकल्या, फुलदाणी बाजूला सरकवली.

“याच्या तोंडाशी एक पट्टी असते. हात लागला की मशीन थांबवणारी.”

“असते,” मामा पुढे सरसावला. “म्हणजे होती. म्हणजे... धुवायला काढलीय.”

“लोखंडी पट्टी धुवायला?”

“धुलाईघर आहे ना,” मामा म्हणाला, आणि वाटलं, पृथ्वीने पोटात घ्यावं. मला नाही, मामाला.

आईने चहाचं विचारलं. बाई म्हणाल्या, “चहा राहू द्या.” मग बूट चुईचुई करत दाराबाहेर गेले.

आईने शटर अर्धं खाली ओढलं. तो आवाज ऐकून बायका भिंतीला चिकटल्या.

“मुद्दाम केलंस!” ती वाफकाकूवर धावूनच गेली. “खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं. तुला कुणी उभं करत नव्हतं तेव्हा मी—”

“तुम्ही सांगितलं तेच बोलले, ताई. घरी म्हणालात, घरी म्हणाले.”

“घरी म्हणजे तुझ्या घरी!”

“तसं सांगायचं होतं मग. इतकी वर्षं तुम्हीच तर आमच्या तोंडात बसवलंत.”

“उद्यापासून येऊ नकोस.”

झालं. इतकं सोपं होतं ते. वाफकाकूने डाव्या हाताने अॅप्रनची गाठ सोडायचा प्रयत्न केला, ती सुटेना, आणि कुणीही पुढे होऊन सोडवली नाही.

“आई, ती खरं बोलली म्हणून?” मी म्हटलं.

“तू तर बोलूच नकोस! तूच कान भरलेस तिचे.”

“मी शिकवलं असतं तर यापेक्षा चांगलं वाक्य शिकवलं असतं.”

“खाली मान घाल! हात दाखवून अवलक्षण झालं सगळं, आणि ही वाक्यं करतेय. संध्याकाळी हॉटेलची गाडी येणार आहे, अर्धा माल ओला पडलाय.” तिने बायकांकडे मोर्चा वळवला. “कोण उभं राहतंय रोलरवर?”

कुणीच हललं नाही. चादरींच्या घड्या घालणारी, काडीसारखी बारीक असल्यामुळे जिला सगळे चिमटी म्हणतात, ती हळूच म्हणाली, “ताई, मी नाही.”

“का? लक्ष देऊन काम केलं की काही होत नाही.”

“मी देते हो लक्ष. चादर देत नाही.”

“फुकटचा चहा प्यायला सगळ्या घरच्या, आणि कामाच्या वेळी पाहुण्या!” आई ओरडली. “उभं राहायचं नसेल तिने हिच्याबरोबर निघायचं. शटर अर्धं उघडंच आहे.”

चिमटीच्या पदरी दोन पोरं आहेत. तिने रोलरच्या दिशेने एक पाऊल टाकलंच. तेव्हा मी तिच्या आधी जाऊन उभी राहिले. मला भरवता येतं. सुट्टीत अडसर असताना मी कितीतरी वेळा भरवलंय. मी फुलदाणी उचलून मामाच्या हातात दिली आणि म्हटलं, “मामा, चालू कर.”

“नाटकं पुरे,” आई म्हणाली.

“नाटक नाही. गाडी येणार आहे ना? मी लक्ष देते.”

मामाने आईकडे पाहिलं.  आणि आईने नाही म्हटलं नाही की मामाला ते हो वाटतं. त्याने बटण दाबलं.

रोलर गुरगुरला. गरम वाफ तोंडावर आली. टोपलीतून मी सगळ्यात वरची चादर उचलली, हॉटेलची, दुहेरी शिवणीची, ओली झाली की पाण्याच्या पोत्याएवढी जड. दोन कोपरे ताणून धरले आणि भरवली. खरं सांगते, माघार घ्यायला मागे जागाच नव्हती, सगळ्या बघत होत्या. चादर लागली. ओढली जाऊ लागली. मी हात मागे घेत होते तेवढ्यात ओल्या कडेचा पीळ माझ्या मनगटाभोवती बसला आणि रोलरने चादरीबरोबर मलाही एक पाऊल पुढे ओढलं.

“सोड! हात जाईल, सोड!”

हा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. आईने मला कॉलर धरून मागे खेचलं, आणि दुसऱ्या हाताने लाल बटणावर असा बुक्का मारला की त्याचं झाकण तुटलं. रोलर थांबला. चादर निम्मी आत, निम्मी बाहेर लोंबकळत वाफ सोडत राहिली. माझं मनगट लाल झालं होतं, एवढंच. आईने ते उलटसुलट करून बघितलं, एकदा, दोनदा, आणि मग तोच हात धरून पाठीत सणसणीत धपाटा घातला.

“अक्कल आहे का? हात गेला असता!”

 मग वाफकाकू दारापाशी, अजून ती गाठ ओढत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, “लक्ष देत होती की ती, ताई.”

आईने तिच्याकडे पाहिलं. इतकं रागाने मी कुणाला कुणाकडे पाहताना पाहिलेलं नाही. मला वाटलं, आता ही तिला शटरखालून बाहेर ढकलते.

“पाना आण,” ती मामाला म्हणाली.

“कुठला पाना?”

“अडसराचा! तुझ्या डोक्याचा मिळाला तर तोही आण.”

अडसर तिने स्वतः लावला, जमिनीवर बसून, दात ओठ खात. एकेका स्क्रूला एकेक शिवी. मला दोन, मामाला चार, मंडळाच्या बाईंच्या बुटांना एक. मग उठली, हात पुसले, रोलर चालू केला, अडसराला बोट टेकवलं. थांबला. पुन्हा चालू केला, पुन्हा बोट. थांबला.

“आता एवढीशी घडी आली तरी बोंबलत थांबेल,” ती चिमटीला म्हणाली. “थांबला की शिव्या देऊ नकोस. त्या मी देईन. उभी राहा.”

चिमटी उभी राहिली.

“मी जाऊ का राहू, ताई?” दारातून वाफकाकू.

आईने मागे वळून पाहिलं नाही. “घड्यांना बस. डाव्या हाताने होतील तेवढ्या कर.”

“आणि पगार?”

“काम अर्धं, पगार मात्र—” आईची नजर रोलरमधून लोंबणाऱ्या त्या चादरीवर गेली. “पूर्ण!” हा शब्द तिने शिवीसारखा फेकला. “सगळा पूर्ण! आता तोंड उघडलंस तर बघ.”

वाफकाकू बसली. अॅप्रनची गाठ एव्हाना तिच्याच ओढाओढीने घट्ट झाली होती, त्यामुळे तो निघालाच नव्हता.

हॉटेलची गाडी ताटकळली. ड्रायव्हर बडबडला, आईने त्याला दुप्पट सुनावलं.

पुरस्कार दुसऱ्याच कुणालातरी गेला. बिस्किटवाला आहे म्हणे. नव्या दवाखान्याचे कपडेही आमच्याकडे आले नाहीत, आमच्याहून लहान धुलाईघराकडे गेले. आईने ही बातमी जेवताना सांगितली, वरती, माझ्याकडे न बघता. अडसर लावला त्या दिवसापासून ती माझ्याशी एवढंसंच बोलत होती.

“रोलर दिवसातून कितीदा अडतो माहितीये? दोन हॉटेलं कुरकुरायला लागलीत. मोठा दवाखाना गेला. सगळ्या मंडळात माझं हसं झालं.” तिने पाण्याचा ग्लास आपटला. “झालं तुझं समाधान?”

मामाने ताटात डोकं घातलं. मी खूप विचार केला, की थोडं वाईट तरी वाटू दे.

“हो,” मी म्हटलं.